पेनांगच्या दक्षिण किनाऱ्यावरची मच्छीमार गावं, कोणी जवळून पाहिलीयेत का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

मी गेली नऊ वर्षं मलेशियात पेनांगला आहे. बायान लेपासला एका चिप कारखान्यात टेस्ट इंजिनिअर आहे, घर बायान बारूला. तिथून गाडी काढली की थोड्याच वेळात बेटाचा दक्षिण किनारा लागतो आणि मग परमातांग दामार लाउत, सुंगाई बातू, तलुक कुंबार, गर्ताक सांगुल अशी मलय मच्छीमारांची गावं एकापुढे एक येत जातात. सुंगाई म्हणजे नदी, बातू म्हणजे दगड, सांगुल म्हणजे अंबाडा. पहिल्याच वर्षी रविवारी सकाळी जेट्टीवर मासे आणायची सवय लागली कारण आपलं सगळंच मिळतं तिथे, नावं तेवढी वेगळी. कम्बुंग म्हणजे बांगडा, तंगिरी म्हणजे सुरमई, बावाल म्हणजे पापलेट, सियाकाप म्हणजे जिताडा. सियाकाप पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अलिबागच्या आत्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला होता.

तिथे एक काका आहेत. इथे पाकचिक म्हणतात. सत्तरी पार केलेले, अजून फायबरची होडी घेऊन रोज पहाटे जाणारे. आधी नुसता मासे देण्याघेण्याचा संबंध, मग माझी मोडकी मलय सुधारत गेली तशी ओळख वाढली, आणि तीनचार वेळा त्यांच्याबरोबर होडीतून गेलोय. मासे कुठे लागतात ती जागा कशी सापडते ते त्यांनी मला दाखवलं. किनाऱ्याकडे तोंड करायचं, मागची टेकडी आणि मशिदीचा मनोरा एका रेषेत आला की थांबायचं, मग दुसऱ्या बाजूची खूण बघायची, दोन्ही जुळल्या की तिथे लुबुक. लुबुक म्हणजे मासे जमतात तो खोलगट डोह. जीपीएस आहे त्यांच्याकडे, पण ते खुणाच बघतात.

आता त्याच पाण्यात भराव चाललाय. सप्टेंबर २०२३ पासून. २३०० एकराचं नवं बेट होतंय, सिलिकॉन आयलंड नावाचं, आणि तिथे माझ्याच धंद्यातले कारखाने येणार आहेत. मी हे सगळं बाहेरून बघत नाहीये, माझा पगार ह्याच उद्योगातून येतो, त्यामुळे जेट्टीवर उभं राहिलं की आतून ढवळून निघायला होतं.

मला एकच गोष्ट सारखी वाटते. जमीन गेली की निदान कागद असतो, मोजणी असते, भांडायला सातबारा असतो. ह्या लोकांचं शेत पाण्यात आहे आणि त्याचा कागद कधी कोणी केलाच नाही. पिढ्यानपिढ्या माहीत आहे की हा डोह अमक्याच्या आजोबांनी शोधला, पण ते माहीत असणं कुठल्याच दफ्तरात लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी ह्या भागात राहिलंय, फिरलंय का? पूर्व किनारा, जोहोर, कुठेही चालेल. लिहा प्लीज.

---

प्राजक्ता_पुणे

वाचतेय. आम्ही पेनांगला चार दिवस गेलो होतो पण जॉर्जटाऊन, फूड स्ट्रीट आणि टेकडीवरची ट्रेन ह्यातच वेळ गेला, दक्षिणेला अशी गावं आहेत हे माहीतच नव्हतं. किती जुनी आहेत ही गावं? गाइड तर सांगत होता की इंग्रज आले तेव्हा सगळं जंगलच होतं.

---

खाडीकाठ

@प्राजक्ता, हे मीही पहिल्यांदा तसंच ऐकलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं ११ ऑगस्ट १७८६ ला बेटाचा ताबा घेतला आणि पेनांग "सुरू झालं". पण बातू उबानची मशीद १७३४ ची मानतात, म्हणजे लाइटच्या बावन्न वर्षं आधी. ती वस्ती सुमात्राहून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांची, त्यांच्या म्होरक्याचं नाव नाखोडा नान इंतान. बेट तेव्हा केदाहच्या सुलतानाचं होतं, त्याच्याकडूनच कंपनीनं घेतलं.

बातू उबान आज बघितलंत तर ओळखू येणार नाही. समोरचा समुद्रच मागे गेलाय, भराव घालून रस्ता, मॉल, उंच इमारती. मशीद आहे पण किनाऱ्यावरची वस्ती म्हणून जे होतं ते राहिलं नाही. दक्षिणेकडची गावं वाचली कारण शहर तिकडे उशिरा पोचलं. मोठे बदल झाले ते गेल्या साठ वर्षांत. वेळ मिळाला की ते वेगळं लिहितो.

---

वेसावची_लेक

नाखोडा वाचून थबकले. आमच्यात बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात, माझ्या आजोबांना सगळा कोळीवाडा नाखवाच म्हणायचा. शब्द एकच, फारसी नाखुदा. म्हणजे नाव आणि माणसं ह्याच पाण्यावरून इकडून तिकडे गेली असणार.

दादा, बायका काय करतात तिथे? तुम्ही काकांबद्दल लिहिलंत, काकी कुठे आहेत?

---

खाडीकाठ

@वेसावची_लेक ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत.

काकींची गोष्ट काकांपेक्षा मोठी आहे. १९६९ मध्ये पेनांगचा फ्री पोर्टचा, म्हणजे बिनजकातीच्या बंदराचा, दर्जा काढून घेतला, व्यापार बसला, बेकारी खूप वाढली. त्याच वर्षी लिम चाँग यू मुख्यमंत्री झाले आणि १९७२ ला बायान लेपासला फ्री ट्रेड झोन काढला, इंटेल, एएमडी, एचपी, बॉश, हिताची वगैरे आले. तो झोन उभा राहिला भातखाचरांच्या आणि गावांच्या जागेवर, आणि कामाला लागल्या त्या गावांमधल्या मुली. सतरा-अठरा वर्षांच्या. बसेस गावात येऊन घेऊन जायच्या. मायक्रोस्कोपला डोळे लावून केसापेक्षा बारीक सोन्याची तार चिपला जोडायची, दिवसपाळी रात्रपाळी. लोक त्यांना मिनाह कारान म्हणायचे. कारान म्हणजे करंट. शब्द चांगल्या अर्थानं नव्हता, रात्री घराबाहेर राहणाऱ्या मुली असा त्याचा वास होता. काकी त्यातल्याच.

काकांचं पहिलं आउटबोर्ड इंजिन काकींच्या पगारातून आलं. हे काका स्वतः सांगतात, जेट्टीवर चार माणसांसमोर सांगतात. म्हणजे कारखाना आणि समुद्र ह्यांचं वैर पहिल्यापासून होतं असं नाही. एकाच घरात दोन्ही चालत होतं, एकानं दुसऱ्याला धरून ठेवलं होतं.

लग्नानंतर पुढे डोळे अधू झाले म्हणून काकींनी काम सोडलं. मग जाळी साफ करणं, मासे निवडणं, आणि मोसमात गरागाऊ वाळवून बलाचान करणं. गरागाऊ म्हणजे आपला जवळा. मीठ लावून वाळवतात, कुटतात, परत वाळवतात, आंबवतात, मग त्याची वडी. आणि आता भरावाचं सागुहाती, म्हणजे सानुग्रह रक्कम, वाटायची वेळ आली तर काकांचं नाव यादीत आहे कारण होडी आहे, लायसन आहे. काकी कुठल्याच यादीत नाहीत. जाळ्यातला जवळा कमी झाला तर काकींचं नुकसान किती, हा प्रश्न विचारायला त्यांच्या दारात कोणी आलं नाही.

---

वेसावची_लेक

अगदी. आमच्याकडे पण टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचं नाव कधी सर्व्हेत येत नाही.

---

जोशी_सिंगापूर

धागा चांगला आहे, पण थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. मी मरीन परेडला राहतो, सिंगापूर. माझी बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे साठच्या दशकात समुद्र होता. इथला ईस्ट कोस्टचा भराव १९६६ ला सुरू झाला, मागे सिग्लापसारखी मलय मच्छीमारांची वस्ती होती, ती किनाऱ्यावरून आत पडली आणि यथावकाश हायराइजमध्ये गेली. सिंगापूर १९६० मध्ये ५८१ चौ. किमी होतं, आता ७३० च्या वर आहे. त्या जमिनीवर घरं, विमानतळ, बंदर उभं राहिलं, आणि त्या मच्छीमारांची नातवंडं आज डॉक्टर, इंजिनिअर आहेत. पहाटे तीनला पावसात होडी ढकलणं हे काही सुखाचं आयुष्य नव्हे. तुमच्या पाकचिकच्या मुलाला तरी मच्छीमार व्हायचंय का, हे विचारलंत का?

---

खाडीकाठ

@जोशी_सिंगापूर, राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो.

विचारलंय मुलाला. तो आमच्याच झोनमध्ये मेंटेनन्सला आहे, बारा तासांची शिफ्ट, आणि सुट्टीच्या दिवशी वडलांबरोबर जातो. तो म्हणाला की नोकरी गेली तर होडी आहे ह्या भरवशावर आपण घर बांधलंय. कोविडमध्ये आणि त्याआधी २००८-०९ ला काम थांबलं तेव्हा ह्या गावांनी खाल्लं ते समुद्रातलंच. मच्छीमारी म्हणजे त्याच्यासाठी जुन्या काळाची आठवण नाही, ती विमा पॉलिसी आहे आणि ती आता रद्द होतेय.

हायराइजमधली नातवंडं डॉक्टर झाली ह्याचा मला आनंदच आहे. पण ती समुद्र भरल्यामुळे झाली का शाळांमुळे झाली, हे वेगळं काढून बघायला हवं.

---

मीठभाकर

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

जोहोरमध्ये तीन वर्षं होतो, गलांग पाताहला, म्हणून फॉरेस्ट सिटीबद्दल लिहितो. तांजुंग कुपांगच्या समोर, सिंगापूरला जोडणाऱ्या सेकंड लिंक पुलापासून जवळ. चिनी कंपनी कंट्री गार्डननं चार कृत्रिम बेटं करून सात लाख लोकांचं शहर वसवायचं ठरवलं. २०१४ ला भराव सुरू झाला, सिंगापूरनं काळजी व्यक्त केल्यावर मध्ये काम थांबलं आणि मग परत सुरू झालं. तिथे पाण्याखाली मराम्बोंगचं समुद्री गवताचं कुरण आहे, डुगाँग म्हणजे समुद्रगाई, समुद्रघोडे, खेकडे, कोळंबी सगळ्यांचं ते पाळणाघर. मी गेलो तेव्हा टॉवरच्या टॉवर अंधारात. संध्याकाळी एखाद्या खिडकीत दिवा. लोक आलेच नाहीत म्हणायला हरकत नाही, आता सरकारनं २०२३ ला तिथे स्पेशल फायनान्शियल झोन जाहीर केलाय.

त्याच गावांनी आधी तांजुंग पलपासचं कंटेनर बंदर पचवलं होतं, मग हे. आणि जवळच ओरांग सलेतार राहतात, मूळचे होडीतच राहणारे लोक, ते तर मलय गावांच्याही आधीपासूनचे. त्यांच्या खारफुटीतून रस्ता गेला. एका मच्छीमारानं मला विचारलं होतं की ज्या घरात कोणी राहायला येणार नव्हतं ते माझ्या पाण्यात का बांधलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

प्राजक्ता_पुणे

शेवटची ओळ वाचून गप्प झाले.

---

रानवाटा

पूर्व किनाऱ्याबद्दल थोडं. एम.ए.ला मानववंशशास्त्र होतं तेव्हा रेमंड फर्थ अभ्यासाला होता. १९३९-४० मध्ये तो आणि त्याची बायको रोझमेरी कलांतानच्या पेरुपोक गावाजवळ राहिले आणि कोण किती मासे धरतं, कोण कोणाला उधार देतं, वाटा कसा पडतो ह्याचा अक्षरशः रोजचा हिशोब लिहिला. रोझमेरीनं घरखर्च लिहिला, म्हणजे बाईच्या हातातला पैसा. वेसावची_लेक ताईंनी विचारलेला प्रश्न तिनं तेव्हाच धरला होता. ते तिथून गेले आणि पुढच्याच वर्षी ८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य त्याच कलांतानच्या किनाऱ्यावर, कोता भारूजवळ उतरलं.

फर्थ १९६३ ला परत गेला तेव्हा शिडं जाऊन इंजिनं आली होती. मासे जास्त मिळत होते पण बोटी थोड्या लोकांच्या हातात गेल्या होत्या, कारण इंजिनाला भांडवल लागतं. आधी ज्याच्याकडे जाळ्याचा एक तुकडा होता त्यालाही वाटा मिळायचा.

आणि एक गोष्ट मला कधी विसरता आलेली नाही. त्या किनाऱ्यावर जुरू स्लाम असायचा. हा माणूस होडीवरून पाण्यात उतरतो, एका हातानं काठ धरून डोकं पाण्याखाली घालतो आणि मासे ऐकतो. गलामा, म्हणजे ढोम्याच्या जातीचे मासे आवाज करतात, त्यावरून तो कुठला मासा, किती, कुठल्या दिशेला जातोय ते सांगायचा आणि मग जाळं पडायचं. इंजिनांच्या आवाजात ते ऐकणार कोण? फिशफाइंडर आले आणि ती विद्या आता अगदी थोड्या म्हाताऱ्यांकडे उरलीय.

---

वेसावची_लेक

ढोमा बोलतो हे खरंय!! बाबा सांगतात, घोळ पण आवाज करते. रानवाटा, हे फारच सुंदर लिहिलंत.

---

केरते_रिटर्न

मी पाइपलाइनच्या कामावर तरंगानूला केरतेमध्ये दोन वर्षं होतो. केरते म्हणजे आज पेट्रोनासचं, मलेशियाच्या सरकारी तेलकंपनीचं, गाव, टाक्या, जळत्या चिमण्या, विमानपट्टी. सत्तरच्या दशकापर्यंत ते साधं मच्छीमारांचं खेडं होतं. तेल समुद्रात सापडलं आणि किनाऱ्यावर सगळं बदललं. गावातल्यांना ड्रायव्हर, सिक्युरिटी, कॅटरिंग अशी कामं मिळाली, बऱ्याच मुलांना पुढे शिक्षणही, ते नाकारता येणार नाही. पण बाजारात मासा महाग, कारण घरभाडं, भाजी, सगळंच तेलकंपनीच्या पगारावर ठरायला लागलं.

वर रांताऊ आबांगला लेदरबॅक कासवं यायची. पन्नासच्या दशकात वर्षाला दहा हजार घरटी, आता जवळपास शून्य. अंडी खाल्ली गेली, ट्रॉलरच्या जाळ्यात मेली, पर्यटक टॉर्च मारायचे. आमच्या मेसचा आचारी तिथलाच, तो सांगायचा की लहानपणी कासवाच्या पाठीवर बसायचो. सांगताना हसायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा.

---

खाडीकाठ

केवढं काय काय आलंय दोन दिवसांत, सगळ्यांचे मनापासून आभार. प्राजक्ताताईंना कबूल केलेलं आता लिहितो, थोडं लांबेल.

काका धक्क्यांची यादी अशी सांगतात. पहिला धक्का पुकात तुंडा, म्हणजे ट्रॉलर, साठच्या दशकात. तळ खरवडून सगळं उचलणारं जाळं, लहान जाळी त्यात फाटून जायची. पश्चिम किनाऱ्यावर त्यावरून मारामाऱ्या झाल्या, बोटी जाळल्या, माणसं मेली. त्यात वंशाचा रंगही मिसळला कारण ट्रॉलर बरेचसे चिनी मालकांचे आणि काठावरचे मच्छीमार बरेचसे मलय, पण काका स्पष्ट म्हणतात की भांडण तळाचं होतं, जातीचं नव्हतं, गरीब चिनी मच्छीमारांची जाळी पण तशीच फाटली. पुढे ऐंशीच्या दशकात नियम आला की किनाऱ्यापासून पहिले पाच सागरी मैल पारंपरिक जाळ्यांसाठी. नियम चांगला, पण रात्री कोण बघतं.

मग खारफुटी गेली. कोळंबीचे तलाव, कारखाने, घरं. ह्याच्यावर पेनांगच्याच किनारी मच्छीमारांनी नव्वदच्या दशकात स्वतःची संघटना काढली, पिफ्वा, आणि ते हातानं खारफुटी लावत आलेत, चिखलात उतरून, एकेक रोप. कोणाच्या सांगण्यावरून नाही, खेकडे आणि कोळंबी परत यावी म्हणून.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी इथेही आली. मलेशियात ६८ माणसं गेली, त्यातली पन्नासच्या वर पेनांगची. रविवार होता, लोक सुट्टीला किनाऱ्यावर आले होते. ज्या ठिकाणी खारफुटी शाबूत होती तिथे लाट मऊ झाली असं काका सांगतात.

२०१४ ला दुसरा पूल झाला, २४ किलोमीटरचा, तो ह्याच बाजूला बातू माऊंगला उतरतो. मग जमिनीचे भाव वाढले, आणि मग हा भराव.

भरावाची गोष्ट सरळ नाहीये. राज्य सरकारला बेटावर रस्ते आणि लाइट रेल करायची होती, पैसे नव्हते, म्हणून समुद्रात तीन बेटं करून ती जमीन विकून पैसे उभे करायचे असं ठरलं, एकूण ४५०० एकर. मच्छीमार कोर्टकचेरीच्या मार्गानं गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील बोर्डानं पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्या दिवशी जेट्टीवर मी होतो, काकींनी सगळ्यांना चहा पाजला. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये नव्या अहवालाला परत मंजुरी मिळाली, मे महिन्यात तीनाऐवजी एकच बेट करायचं ठरलं, आणि सप्टेंबरमध्ये वाळू पडायला लागली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं लाइट रेलचा खर्च उचलायचं जाहीर केलं. म्हणजे ज्या कारणासाठी समुद्र विकायचा होता त्याला पैसे दुसरीकडून मिळाले, वाळू पडायची थांबली नाही. हे मी कितीही वेळा वाचलं तरी मला पटत नाही.

बेट आणि किनारा ह्यांच्यामध्ये अडीचशे मीटरचा पाण्याचा पट्टा सोडलाय, होड्यांना जायला.

---

वेसावची_लेक

अडीचशे मीटर वाचून अंगावर आलं. आमच्या वरळीच्या भावांना कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर ६० चं १२० मीटर करून घ्यायला किती वर्षं भांडायला लागलं, आणि ते पण मागितलं होतं त्याहून कमीच. ज्यानं वाऱ्यात होडी वळवलेली नाही त्याला कागदावर ते पुरेसं दिसतं.

एक विचारायचं होतं. आमच्यात उधाण आणि भांग असं पाणी असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. त्यांच्यात काय म्हणतात? आणि त्या खुणा, टेकडी आणि मनोरा, त्या कोणी लिहून ठेवल्यात का?

---

जोशी_सिंगापूर

लाइट रेलचा मुद्दा मला माहीत नव्हता. त्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. सिग्लापच्या कोणा म्हाताऱ्या माणसाशी बोलायला हवं होतं असं आज पहिल्यांदा वाटलं, इतकी वर्षं राहतोय इथे.

---

खाडीकाठ

@वेसावची_लेक ताई, काल रविवार होता, काकांना विचारून आलो.

उधाणाला आयर बसार म्हणतात, मोठं पाणी. भांगाला आयर माती. माती म्हणजे मेलेलं, म्हणून मेलेलं पाणी. मी त्यांना भांग म्हणून दाखवलं, त्यांनी दोनतीनदा घोळवून म्हटलं. मग त्यांनीच विचारलं की तुमच्याकडच्या त्या बाई मच्छीमार आहेत का, मी म्हटलं त्यांचे वडील, आजोबा. मग म्हणाले तिला सांग की भरावानंतर मेलेल्या पाण्याचे दिवस वाढलेत. ओढ बदललीय, चिखल जिथे कधी बसत नव्हता तिथे बसतोय.

खुणा कोणी लिहिलेल्या नाहीत. आम्ही जेट्टीवरच्या बाकावर बसलो आणि त्यांनी मला अकरा लुबुकांची नावं सांगितली, प्रत्येकाच्या दोन दोन खुणा. मी वहीत देवनागरीत उतरवल्या कारण उच्चार तसेच राहतात. काहींच्या खुणा आता दिसत नाहीत, एक झाड होतं ते पडलं, एक जुनं गुदाम होतं तिथे टॉवर आलाय, पण त्यांना अजून ते झाडच दिसतं. अकरातले चार भरावाखाली गेलेत. ते चारही त्यांनी आधी सांगितले.

काकी मध्येच येऊन म्हणाल्या की दोन राहिले, आणि त्यांनी सांगितले ते काकांना पण आठवत नव्हते. जवळ्याच्या जागा होत्या त्या, अगदी काठाला, पायी जायच्या. म्हणजे तेरा.

पुढच्या रविवारी मुलाला सुट्टी आहे, त्याला होडीत बसवून उरलेल्या ठिकाणी जायचं ठरलंय, तो जीपीएसवर आकडे घेईल आणि मी नावं. ताई, तुमच्या बाबांना विचाराल का, वेसाव्याहून निघालं की ते कुठल्या खुणा धरायचे? जमलं तर इथेच लिहा, मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतो.

---

वेसावची_लेक

बाबांच्या शेजारी बसूनच टाइप करतेय. म्हणतात, पहिली खूण मढचा किल्ला. थांबा, सांगतायत ते लिहून घेते.